मोटर तापली, म्हणजे नेमकं काय झालं?

(दिवेआगर येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती कमी केली आहे. प्रश्नोत्तरं शेवटी दिली आहेत.)



आजचा विषय साधा आहे. घरी बांधलेल्या छोट्या सीएनसी यंत्रावरची स्टेपर मोटर तापते, तेव्हा कारण कसं शोधायचं? वक्त्याच्या नावाखाली ‘तत्त्वज्ञान’ वाचून काही जण बुचकळ्यात पडले असतील. मी आयुष्यभर वर्गात अनुमान शिकवलं. एक गोष्ट दिसली म्हणून दुसरी आहे असं म्हणायचा अधिकार आपल्याला केव्हा मिळतो, हा तो विषय. बिघडलेलं यंत्र त्या विषयाची चांगली परीक्षा घेतं. माणसाला वादात गप्प करता येतं, यंत्राला येत नाही. तुमचं अनुमान चुकलं असेल तर ते आपलं तापतच राहतं.

नंतर वाचणाऱ्यांसाठी दोन शब्द. सीएनसी म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारं कापायचं किंवा कोरायचं यंत्र. घरगुती यंत्रात लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची चौकट असते, तीन दिशांना सरकवणाऱ्या तीन-चार स्टेपर मोटरी असतात आणि मधे वेगानं फिरणारं पातं असतं. आपल्याकडे नारळी-पोफळीच्या वाड्यांबरोबर आता घरगुती निवास आहेत, आणि निवास आला की पाटी आली. गावातल्या काही तरुणांनी पाट्या कोरण्यासाठी अशी यंत्रं बांधली आहेत. दिवेआगरच्या ताम्रपटावरचा मराठी मजकूर शके ९८२ मधला, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. तेव्हा कोरलेल्या अक्षराची किंमत या गावाला मी सांगायला नको. एक अक्षर सरकलं की अख्खी फळी फुकट जाते, हेही तुम्हाला ठाऊक आहे.

ही मोटर पंपासारखी नाही

विहिरीवरचा पंप आपण सगळ्यांनी पाहिलाय. पंपात कचरा अडकला किंवा बेअरिंगनं धरलं की मोटर जास्त विद्युतप्रवाह, म्हणजे आपल्या बोलण्यातला करंट, ओढते आणि तापते. मिक्सरमध्ये चटणी घट्ट झाली की तेच होतं. त्यामुळे आपल्या हाताला एक नियम लागून गेलाय : मोटर तापली म्हणजे तिच्यावर ताण आला. मग आपण तेलाची बाटली शोधतो.

स्टेपरला हा नियम लागू नाही. ही मोटर पावलापावलानं फिरते. नेहमीच्या मोटरचं एक पाऊल १.८ अंशाचं असतं, २०० पावलांत एक फेरा. आत तांब्याच्या तारेची दोन वाइंडिंग असतात. त्यांत किती करंट सोडायचा हे मोटर ठरवत नाही, तिच्या अलीकडे बसवलेलं ड्रायव्हर नावाचं छोटं कार्ड ठरवतं. ते नेमून दिलेला करंट मोटरमध्ये सोडत राहतं. मोटर कापत असो, रिकामी सरकत असो की एका जागी उभी असो.

एका जागी उभी असतानाही? हो. उभं राहणं हेही तिचं कामच आहे. आपली जागा धरून ठेवण्यासाठी तिला करंट लागतो, आणि त्या वेळी बाहेर काहीच काम होत नसल्यामुळे आत गेलेली सगळी वीज उष्णता होते. पंप अडकला की तापतो. स्टेपर नुसती उभी राहूनही तापते. तिचा दांडा अडकला तर करंट वाढत नाही. ती पावलं चुकवते, गुरगुरते, आणि पुढचं सगळं कोरीवकाम तेवढ्यानं सरकतं.

म्हणून मोटर तापली की रेलला तेल घालणं, हे पंपाचं औषध स्टेपरला देणं झालं. तेलानं रेल सुधारेल, मोटर तेवढीच तापेल. एक आडवळणाचा संबंध मात्र आहे. रेल घट्ट असते, पावलं चुकतात, म्हणून कुणीतरी ड्रायव्हरचा करंट वाढवून ठेवतो आणि मग मोटर तापते. इथे घट्ट रेल कारणाच्या साखळीत आहे, पण एक कडी मागे. मधली कडी माणसाचा हात आहे.

दुसरा गैरसमज व्होल्टचा. मोटरच्या पट्टीवर २.८ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि आपण तर २४ व्होल्टचा पुरवठा जोडलाय, म्हणून ती तापत असणार, असं लोक म्हणतात. आजचे बहुतेक ड्रायव्हर वीज वेगानं चालू-बंद करून करंट नेमक्या मर्यादेत ठेवतात. पुरवठ्याचा जास्त दाब वेगात फिरताना करंट चटकन भरायला उपयोगी पडतो. अपवाद एल-२९८ सारख्या साध्या कार्डांचा. ती करंट अशी आवरत नाहीत. तिथे १.७ ओहमच्या वाइंडिंगला थेट १२ व्होल्ट मिळाले तर हिशेबानं ७ अँपिअर होतात, आणि १.७ अँपिअरची मोटर किंवा ते कार्ड, दोहोंपैकी काहीतरी जळतं. म्हणजे ‘२४ व्होल्टमुळे तापते का’ या प्रश्नाला ड्रायव्हर कोणता हे विचारल्याशिवाय उत्तर नाही.

आता हिशेबाचं एक सूत्र लक्षात ठेवा. वाइंडिंगमधली उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध. ‘वर्ग’ हा शब्द महत्त्वाचा. करंट दुप्पट केला तर उष्णता चौपट होते. उलट बाजूनं, करंट ३० टक्के कमी केला तर ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ०.४९, उष्णता जवळजवळ निम्मी. मोटरचा जोर मात्र साधारण करंटच्याच प्रमाणात घटतो. तीस टक्के जोर सोडून निम्मी उष्णता घालवणं हा बऱ्याच वेळा परवडणारा सौदा असतो.

किती तापली?

‘मोटर तापते’ हे वाक्य तक्रार म्हणून ठीक आहे, माहिती म्हणून अपुरं आहे. किती तापते, किती वेळानं, आणि कुठे?

हात लावून बघणं ही पहिली रीत, आणि तीच सगळ्यात जास्त फसवते. ६० अंश सेल्सिअसच्या धातूवर हात काही सेकंदच टिकतो. तेवढ्याच तापलेल्या लाकडावर तो सहज टिकेल, कारण धातू उष्णता भराभर हाताला देतो. तेव्हा हात भाजला हे तुमच्या हाताबद्दलचं विधान आहे, मोटरबद्दलचं नाही.

मोटरबद्दल तिच्या माहितीपत्रकात काय असतं? अशा मोटरींत नेहमी आढळणारी नोंद अशी : तापमानवाढ ८० अंश, भोवतालची हवा जास्तीत जास्त ५० अंश, इन्सुलेशन ‘बी’ वर्गाचं. बी वर्ग म्हणजे १३० अंशांपर्यंत टिकणारं. पन्नास आणि ऐंशी मिळून एकशेतीस. मोटर बांधणाऱ्यानं हा हिशेब करूनच ती बांधलेली असते. बाहेरून ६०-६५ अंशांची, हात न ठेववणारी मोटर आतून पूर्ण निरोगी असू शकते.

आतलं तापमान मोजायची एक सुंदर रीत आहे आणि तिला फक्त मल्टिमीटर लागतो. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के. यंत्र थंड असताना, सकाळी, एका वाइंडिंगचा रोध मोजून लिहून ठेवा. समजा हवा २८ अंश आहे आणि रोध २.० ओहम भरला. तासभर काम झाल्यावर वीज बंद करा, मोटरची जोडणी सोडवा आणि लगेच पुन्हा मोजा. समजा २.४ आला. रोध २० टक्के वाढला, म्हणजे वाइंडिंग साधारण ५० अंशांनी तापलं. आत ८० अंशांच्या आसपास आहे. मोटर न उघडता तिच्या पोटातलं तापमान कळलं.

यातही सावधगिरी हवी. आधी मल्टिमीटरच्या दोन्ही सुया एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो वजा करा. आणि २ ओहमच्या वाइंडिंगवर ०.१ ओहमची चूक झाली तर तापमानात सुमारे १३ अंशांची चूक होते, हे विसरू नका. ही मोजणी ‘८० की ८३’ सांगणार नाही. ‘८० की १२०’ हे नक्की सांगेल, आणि आपला प्रश्न तेवढाच आहे.

एक इशारा इथेच देतो, कारण यात पैसे जातात. वीज चालू असताना मोटरची जोडणी कधीही सोडवायची नाही. वाइंडिंगमधला करंट एकदम तुटला की उसळणारा दाब ड्रायव्हर मारून टाकू शकतो. आधी वीज बंद, मग हात.

अग्नी, धूर आणि ओलं लाकूड

आता थोडा वेळ मला माझ्या वर्गात जाऊ द्या.

न्यायदर्शनात अनुमानाचं नेहमीचं उदाहरण डोंगरावरच्या धुराचं आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे बरोबर. उलट करून बघा : अग्नी आहे, म्हणून धूर असणारच. हे चूक. नैयायिक लगेच तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याचं उदाहरण देतात. तिथे अग्नी आहे, धूर नाही. मग धूर येतो कधी? सरपण ओलं असेल तेव्हा. या दडून बसलेल्या अटीला त्यांनी ‘उपाधी’ म्हटलं. अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त, नव्या विद्यार्थ्यासाठी लिहिलेल्या छोट्या पुस्तकात, हे उदाहरण आहे.

आपलं अनुमान आता त्याच ओळीत ठेवू. मोटर तापली आहे, म्हणून मोटर बिघडली आहे. लोखंडी गोळा कुठाय? तो तुमच्या टेबलावरच आहे. रोज तासन्‌तास गरम राहून वर्षानुवर्षं चालणारी कुठलीही स्टेपर घ्या. ताप आहे, बिघाड नाही. म्हणजे मधे एखादी उपाधी दडली आहे. ती कोणती? माझ्या मते ती ‘हिशेबापेक्षा जास्त’ ही. जेवढा करंट नेमलाय त्याच्या हिशेबानं जेवढी तापायला हवी, त्याहून मोटर जास्त तापत असेल तर बिघाडाचं अनुमान करायचा अधिकार मिळतो. आणि तो अधिकार मिळण्यासाठी आधी हिशेब करावा लागतो.

‘जास्त’ म्हणजे कशापेक्षा, हाही प्रश्न आहे. तीच ६५ अंशांची मोटर लोखंडी पट्टीवर बसवली असेल तर बिनघोर राहा. पण ती थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या पीएलए प्लॅस्टिकच्या पकडीत बसवली असेल तर काळजी करा, कारण हे प्लॅस्टिक ६० अंशांच्या सुमारास मऊ पडतं. पकड हळूहळू वाकते, पट्टा सैल होतो, अक्षरं बिघडतात. मोटर निरोगी आणि तरी यंत्र आजारी. तिथे मोटर बदलून काय होणार? पकड बदलायला हवी.

एका यंत्राची हकिगत

इथल्याच एका तरुणाचं यंत्र बघायचा योग आला. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. प्लायवूडची चौकट, नेमा १७ आकाराच्या मोटरी, वर ए-४९८८ जातीचे ड्रायव्हर. ‘नेमा १७’ हा आकडा मोटरच्या तोंडाचं माप सांगतो, १.७ इंच. करंट किती, जोर किती, हे त्यातून कळत नाही.

तक्रार अशी होती. अर्ध्या-पाऊण तासानं आडव्या अक्षाची मोटर हात लावू देत नाही, आणि पाटीच्या मध्यावर अक्षरं दोन-तीन मिलिमीटर सरकतात. उन्हाळी पर्यटनाचा हंगाम तोंडावर होता, सागवानाच्या फळ्या वाया जात होत्या. त्यानं तीन गोष्टी केल्या होत्या. रेलला तेल घातलं, फरक नाही. नवी मोटर आणली. तीही तेवढीच तापली. मग मोटरवर पंखा लावला. मोटर बरीच निवळली, पण अक्षरं सरकतच राहिली.

तो वैतागला होता. माझ्या दृष्टीनं त्याच्याकडे दोन फार चांगले पुरावे होते, ते त्यानं वाचले नव्हते इतकंच. मोटर बदलली तरी ताप तिथेच राहिला, म्हणजे ताप त्या मोटरच्या दोषामुळे नाही. पंख्यानं ताप गेला तरी सरकणं राहिलं, म्हणजे मोटर तापते म्हणून अक्षरं सरकतात हेही खरं नाही. न्यायात याला व्यतिरेकाची बाजू म्हणतात. कारण काढून घेतलं की कार्य जायला हवं. गेलं नाही, तर ते कारण नव्हतं. जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३ सालच्या आपल्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात भेदाची पद्धत म्हणून मांडली ती हीच वाट : बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदला.

तेव्हा एकच गोष्ट बदलली. वीज बंद करून आडव्या आणि उभ्या अक्षाचे ड्रायव्हर एकमेकांच्या जागी बसवले. मोटरी, तारा, प्रोग्रॅम सगळं तेच. पुन्हा तेवढाच वेळ यंत्र चालवलं. आता दुसऱ्या अक्षाची मोटर तापली आणि आडवी थंड राहिली. ताप ड्रायव्हरबरोबर चालत गेला. हा अन्वय.

ड्रायव्हरमध्ये करंट नेमायला एक चिमुकला स्क्रू असतो आणि त्याचा दाब मल्टिमीटरनं मोजता येतो. दोन्ही ड्रायव्हरांवर ०.८ व्होल्ट भरला. अगदी सारखा. मग फरक कुठे? भिंग घेऊन बघितलं. एका कार्डावरच्या दोन बारीक रोधकांवर ‘आर १००’ असं छापलेलं, दुसऱ्यावर ‘आर ०५०’. म्हणजे ०.१ ओहम आणि ०.०५ ओहम. या जातीच्या ड्रायव्हरचं सूत्र आहे : करंट म्हणजे तो दाब भागिले आठ गुणिले त्या रोधकाचा रोध. पहिल्याला ०.८ भागिले ०.८, म्हणजे १ अँपिअर. दुसऱ्याला ०.८ भागिले ०.४, म्हणजे २ अँपिअर. करंट दुप्पट, उष्णता चौपट. मधे कधीतरी एक कार्ड बदललं होतं. रंग तोच, आकार तोच, नाव तेच. पुण्याच्या तपकीर गल्लीतून घ्या नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, सारखी दिसणारी कार्डं वेगवेगळ्या कारखान्यांची असतात आणि हा रोधक सगळ्यांचा एक नसतो.

आता अक्षरं का सरकत होती ते बघा. दोन अँपिअर ही या चिपची कड आहे. चांगली हवा आणि हीटसिंक नसेल तर ती त्या करंटला टिकत नाही. आतलं तापमान १६५ अंशांच्या आसपास गेलं की ती स्वतःला वाचवायला बंद पडते, थोडी निवली की पुन्हा चालू होते. त्या क्षणभरात मोटर मोकळी सुटते आणि जागा हरवते. प्रोग्रॅमला याचा पत्ता नसतो, तो पुढची अक्षरं कोरत जातो.

मोटरची आतली ८० अंशांची गरमी मोटरला मुळीच धोक्याची नव्हती. धोक्यात होता तो वीतभर अंतरावरचा ड्रायव्हर, ज्याला कुणी हात लावून बघितलं नव्हतं. मोटरचा ताप आणि अक्षरांचं सरकणं, दोन्ही कार्यं होती. कारण एकच, दुप्पट करंट. दोन कार्यं नेहमी बरोबर दिसतात तेव्हा आपण त्यांतल्या एकाला दुसऱ्याचं कारण समजतो. पंख्यानं त्याच्या हातातलं एक लक्षण तेवढं पुसून टाकलं. तो पंख्यावर थांबला असता आणि अक्षरांसाठी प्रोग्रॅममध्ये दोष शोधत बसला असता, तर एक दिवस ड्रायव्हर जळाला असता आणि तो का जळाला हेही कळलं नसतं.

त्या कार्डाचा स्क्रू फिरवून ०.४ व्होल्टवर आणला. खर्च शून्य.

तपासायचा क्रम

हे सगळं क्रमानं सांगतो. स्वस्त आणि उलटवता येण्याजोगं आधी, महाग आणि न उलटणारं शेवटी.

१. तापतं नेमकं काय ते ठरवा. मोटर, ड्रायव्हर, की तारेचा जोड? आपल्याकडच्या खाऱ्या हवेत जोड गंजतात, स्क्रू सैल पडतात आणि ताप फक्त त्या टोकाशी असतो. वर कोरणारा राउटर असेल तर त्याची उष्णता पट्टीतून शेजारच्या मोटरमध्ये येते, तेही पाहा.

२. मोजा आणि लिहून ठेवा. हवेचं तापमान, मोटरचं तापमान, किती वेळानं. तीनही अक्षांचं. शेजारची मोटर हाच तुमचा सगळ्यात चांगला मापदंड.

३. मोटरच्या पट्टीवरचा करंट वाचा आणि ड्रायव्हर किती सोडतो त्याचा हिशेब करा. कार्डाची जात ओळखा. ०.८ व्होल्ट हाच दाब ०.१ ओहमच्या ए-४९८८ वर १ अँपिअर देतो, पण डीआरव्ही-८८२५ वर त्याचे १.६ अँपिअर होतात. दुसऱ्याच्या यंत्राचा आकडा आपल्या यंत्रावर लावू नका.

४. उभ्या मोटरला किती करंट मिळतो ते पाहा. जीआरबीएल प्रोग्रॅममध्ये ‘डॉलर एक’ या सेटिंगला २५५ दिलं की मोटरी कायम भारलेल्या राहतात. जागा हरवू नये म्हणून अनेक जण तसं ठेवतात आणि मग जेवायला जातात. डीएम-५४२ सारख्या ड्रायव्हरवर चौथा स्विच ‘ऑफ’ ठेवला की थांबलेल्या मोटरचा करंट आपोआप निम्मा होतो. म्हणजे उष्णता पाव. उभ्या अक्षाचा करंट मात्र पूर्ण तोडण्याआधी विचार करा. वजनानं राउटर खाली उतरू शकतो.

५. वीज बंद करून दोन्ही वाइंडिंगचा रोध मोजा. दोन्ही सारखे हवेत, आणि वाइंडिंग व मोटरची बॉडी यांच्यात काहीच वाहता कामा नये. एकाचा रोध लक्षणीय कमी असेल तर आतले वेढे जुळले आहेत. हा मोटरचा खरा बिघाड, आणि तो या यादीत पाचवा आहे हे लक्षात घ्या.

६. अदलाबदल करा, एका वेळी एकच. मोटर बदललीत तर ड्रायव्हर तोच ठेवा. दोन्ही एकदम बदललीत आणि यंत्र सुधारलं, तर आनंद होईल पण ज्ञान होणार नाही, आणि पुढच्या वेळी तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर असाल.

७. करंट थोडा थोडा कमी करून बघा. कागदावर फुली मारा, पात्याचं टोक तिथे आणा, नेहमीचं काम चालवा, परत त्या जागी आणा. टोक फुलीवर आलं तर जोर पुरेसा आहे. पावलं चुकायला लागतील तिथून थोडं वर थांबा.

हीटसिंक आणि पंखा यांचा क्रमांक यानंतर. हिशेब बरोबर असूनही ताप परवडत नसेल तेव्हाच.

अशी शिकवण वर्गात बसून होत नाही. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो हातानं काम करता करता शिकता यावं म्हणून, आणि २००२ पासून तिथल्या फॅब लॅबमध्ये खेड्यातली मुलं संगणकावर चालणारी यंत्रं हाताळतात. मला त्यात माझ्या विषयाचंही भलं दिसतं. व्यतिरेक म्हणजे काय, हे मी फळ्यावर तासभर सांगतो. दोन ड्रायव्हर अदलाबदल करणाऱ्या मुलीला ते दहा मिनिटांत कळतं.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : सर, म्हणजे मोटरवर पंखा लावूच नये का?

उत्तर : लावा की. पण कारण कळल्यावर. कळायच्या आधी लावलात तर तुम्ही साक्षीदाराला घरी पाठवून दिलं. ड्रायव्हरवर मात्र पंखा पहिल्या दिवसापासून असू द्या, आणि त्यावरचा लाकडाचा भुसा महिन्यातून एकदा झाडा.

प्रश्न : मोठी मोटर घेतली तर कमी तापेल ना?

उत्तर : मोठ्या मोटरचा पृष्ठभाग जास्त, तेव्हा तेवढीच उष्णता तिला कमी जाणवेल. पण मोठ्या मोटरला पूर्ण जोरासाठी करंटही जास्त लागतो. २.८ अँपिअरची नेमा २३ मोटर तुम्ही ए-४९८८ वर जोडलीत, तर मोटर थंड राहील, जोर मिळणार नाही आणि करंट वाढवत गेलात की ड्रायव्हर तापेल. मोटर आणि ड्रायव्हर ही जोडी आहे, एकटीला बदलू नये.

प्रश्न : आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये यंत्र असतं. हवाच तापलेली असते.

उत्तर : मग हिशेबात तेवढी भर घाला. हवा दहा अंशांनी जास्त, तर मोटरही साधारण तेवढ्यानंच जास्त. सकाळी निवलेल्या शेडमधलं मोजमाप आणि दुपारचं मोजमाप यांची तुलना करताना हे वजा करा, नाहीतर सूर्याचा दोष मोटरच्या माथी बसेल.

प्रश्न : मोठी पाटी असेल तर रात्रभर काम चालू ठेवून झोपलं तर चालेल?

उत्तर : नाही. मोटरसाठी नव्हे, तुमच्यासाठी. बोथट झालेलं पातं लाकडावर एका जागी फिरत राहिलं की लाकूड धुमसतं, आणि खाली कोरडा भुसा असतो. तिथे धुरावरून अग्नीचं अनुमान करायला कुणीतरी जागं असायला हवं.

वेळ झाली. टेबलावर दोन मोटरी आणि मल्टिमीटर ठेवला आहे. एक सकाळपासून चालू होती, एक थंड आहे. दोन्ही सारख्या आहेत आणि दोन्हींची वीज काढलेली आहे. ज्यांना रोध मोजून बघायचाय त्यांनी पुढे यावं, लवकर यावं, कारण ती निवत चालली आहे.